जखमा चालतात, भूक चालत नाही

१९८८ च्या जुलैमधे अमेरिकेत एका माणसाने एक अख्खा सिनेमा विकत घ्यायची ऑफर दिली, आणि तीही तो नष्ट करून टाकण्यासाठी. बिल ब्राइट त्यांचं नाव, कँपस क्रूसेड फॉर ख्राइस्ट या बड्या इव्हँजेलिकल (बायबल आणि धर्मप्रचारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) संघटनेचे संस्थापक. सिनेमा म्हणजे मार्टिन स्कॉर्सेसीचा ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट’. त्यांनी युनिव्हर्सल स्टुडिओला कळवलं की तुमचा जो काय खर्च झालाय तो आम्ही भरून देतो, तुम्ही सगळ्या प्रिंट्स आमच्या ताब्यात द्या, पुढचं आम्ही बघतो. युनिव्हर्सलने पेपरात पानभर जाहिरात देऊन उत्तर दिलं, त्याचा रोख असा की विचाराचं नि श्रद्धेचं स्वातंत्र्य आमच्याकडे विकायला ठेवलेलं नाहीये. ऑगस्टमधे रिलीजच्या आदल्या दिवशी युनिव्हर्सलच्या बाहेर सुमारे २५,००० लोक जमले होते. आणि हा सिनेमा बनला होता किती पैशात, तर ७० लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या मानाने चिल्लरच.

आता एकदम २००४ ला या. मेल गिब्सन पदरचे साधारण ३ कोटी डॉलर घालून ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ काढतो, संवाद अरामी, लॅटिन आणि हिब्रूमधे, खाली सबटायटल्स, रक्तपात इतका की अमेरिकेत आर रेटिंग (सतरा वर्षांखालच्यांना मोठ्यांशिवाय प्रवेश नाही) मिळालं. आणि तोच समाज जो सोळा वर्षांपूर्वी गेटबाहेर बोर्ड घेऊन उभा होता तो आता तिकीट खिडकीवर. चर्चेसनी अख्खेच्या अख्खे शो बुक केले, पास्टर लोकांनी प्रवचनात सांगितलं की जाऊन बघा, ज्यांनी आयुष्यात कधी थिएटरचं तोंड बघितलं नव्हतं असे म्हातारे-कोतारे गेले. जगभरात ६० कोटी डॉलरच्या वर धंदा झाला.

मला ही दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवून बघायची खोड आहे. मी ख्रिस्ती घरातला, त्यात सिनेमाचं वेड, त्यामुळे दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागतं, चर्चमधले म्हणतात हे असले पिक्चर बघवतात तरी कसे तुला आणि सिनेमावाले मित्र म्हणतात तुमची माणसं इतकी टची का रे. दोघांनाही वाटतं की उत्तर सोपं आहे. पहिला सिनेमा अपमान करणारा, दुसरा भक्तीचा, विषय संपला. किंवा मग धर्मवाले सगळे सारखेच, त्यांना कलेतलं काय कळतंय, तिथेही विषय संपला. मला दोन्ही पटत नाही, कारण दोन्ही सिनेमे नीट बघितले तर राग नेमका कशाचा आला आणि कशाचा नाही आला हे बरंच वेगळं निघतं.

लास्ट टेम्प्टेशनची गोष्ट निकोस कझांतझाकिस या ग्रीक लेखकाच्या कादंबरीवरून घेतलेली. कादंबरीला तर सिनेमाच्या कितीतरी आधी, १९५४ मधेच व्हॅटिकनने निषिद्ध पुस्तकांच्या यादीत टाकलं होतं. स्कॉर्सेसीला ती कादंबरी दिली बार्बरा हर्शी या नटीने, १९७२ च्या सुमारास, आणि पुढे सिनेमात मग्दालिया मरियेचं, म्हणजे येशूच्या एका अनुयायी बाईचं काम तिनेच केलं. स्कॉर्सेसी स्वतः कॅथलिक, लहानपणी फादर व्हायचं म्हणून सेमिनरीच्या पूर्वतयारीच्या शाळेत गेलेला. पटकथा लिहिणारा पॉल श्रेडर कडक कॅल्व्हिनिस्ट, म्हणजे एका शिस्तीच्या प्रोटेस्टंट पंथातल्या घरात वाढलेला, ज्या घरात सिनेमा बघणंच पाप. म्हणजे हे काम बाहेरून येऊन दगड मारणाऱ्यांचं नव्हतं, घरातलीच पोरं होती ही. सुरुवातीलाच पडद्यावर लिहून येतं की हा सिनेमा शुभवर्तमानांवर (बायबलमधल्या येशूच्या चरित्रांवर) आधारलेला नाही. तरीही १९८३ मधे पॅरामाउंटने शूटिंग तोंडावर आलेलं असताना तो सोडून दिला, कारण निषेधाच्या पत्रांचा मारा सुरू झाला होता. एकही फूट फिल्म चित्रित झालेली नसताना.

सिनेमात काय आहे? येशू क्रूसावर आहे, एक लहान मुलगी येते, म्हणते मी तुझी रक्षक देवदूत, तुझं काम झालं, उतर खाली. तो उतरतो. मग्दालियेशी लग्न करतो, ती मरते, मग तो लाजरसाच्या बहिणींबरोबर संसार थाटतो, पोरंबाळं होतात, म्हातारा होतो. मरणाच्या वेळेला त्याचा शिष्य यहूदा येतो आणि त्याला चक्क झापतो की तू पळून आलास. तेव्हा कळतं की ती मुलगी म्हणजे सैतान. मग तो म्हातारा येशू सरपटत बाहेर जातो, देवाची भीक मागतो की मला परत त्या क्रूसावर जाऊ दे, आणि पुढच्या क्षणी तो क्रूसावरच असतो, हसतो, पूर्ण झालं म्हणतो. म्हणजे मोह झाला, नाकारला, संपलं. जे दाखवलं ते सगळं काही क्षणांचा मोह. त्यातला मग्दालियेबरोबरचा पलंगावरचा सीन तर सेकंदांचा, पण अमेरिकेत सगळी चर्चा त्या सेकंदांवर चालली होती.

आता ज्याने बायबल उघडलंय त्याला माहितीये की येशूला मोह झाला हे काय कझांतझाकिसने शोधून काढलेलं नाही. इब्री लोकांस पत्रात चौथ्या अध्यायात स्पष्ट आहे, की आपल्यासारखीच त्याचीही सर्व प्रकारे परीक्षा झाली पण तो निष्पाप राहिला. सर्व प्रकारे. लूकच्या शुभवर्तमानात रानातल्या परीक्षेनंतर म्हटलंय की सैतान त्याला सोडून गेला, पण संधी मिळेपर्यंत. म्हणजे तो परत येणार होता. कधी आला? शुभवर्तमान सांगत नाही, आणि कझांतझाकिसने नेमकी तीच जागा पकडली. पकडला जायच्या आधी गेथशेमाने बागेत तर येशू सरळ सरळ म्हणतो की हा प्याला टळत असेल तर टळू दे. हा जगायची इच्छा असलेला माणूस आहे. पाचव्या शतकात, ४५१ साली कॅल्सेडॉनच्या परिषदेत चर्चने ठरवून टाकलं की तो पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. त्याच्याही आधी सुरुवातीच्या काळात एक पंथ निघाला होता, त्यांचं म्हणणं येशूचं शरीर नुसतं दिसायला होतं, खरं नव्हतं, देवाला कसलं आलंय मांस नि रक्त. चर्चने त्यांना पाखंडी ठरवलं. अधिकृत शिकवण विचाराल तर येशूचं माणूसपण नाकारणं हेच पाप आहे.

हे सगळं सिद्धांतात. श्रद्धाळू माणसाच्या मनात मात्र त्या शरीराचे दोन भाग पडलेले असतात असं मला वाटतं. एक शरीर मार खाणारं, ते चालतं, नुसतं चालतं नाही तर हवं असतं. दुसरं शरीर ज्याला भूक लागते, भीती वाटते, हसू येतं, कुणाच्या जवळ बसावंसं वाटतं, ते नको असतं.

पॅशन बघा ना. फटके मारायचा प्रसंग योहानच्या शुभवर्तमानात एका ओळीचा आहे, पिलाताने, म्हणजे रोमन सुभेदाराने, येशूला नेऊन फटके मारवले, बस. गिब्सन त्यावर मिनिटामागून मिनिटं घालवतो, काटेरी चाबकाने कातडी सोलून निघेपर्यंत. साखळदंडासकट पुलावरून खाली पडणं, सैतानाच्या कडेवरचं ते विचित्र बाळ, कावळा येऊन शेजारच्या क्रूसावरच्या चोराचा डोळा टोचतो, यातलं काही बायबलात नाही. बराच मसाला ॲन कॅथरीन एमरिख या जर्मन ननच्या दृष्टांतांमधून आलाय, आणि ते दृष्टांतसुद्धा तिने सांगितले नि ब्रेंटानो नावाच्या कवीने लिहून काढले, त्यात कवीचं किती आणि तिचं किती हा वेगळाच वाद. पण एकाही पास्टरने हे बायबलबाहेरचं आहे म्हणून गेटबाहेर बोर्ड धरला नाही. म्हणजे बायबलबाहेरचं असणं हा प्रॉब्लेम कधीच नव्हता. जखमा वाढवून सांगितल्या तर ती भक्ती, इच्छा वाढवून सांगितली तर देवनिंदा.

मी हे कुणाला नावं ठेवायला म्हणत नाहीये, माझ्या घरातच आहे हे. पॅशन आला तेव्हा आई चर्चच्या ग्रुपबरोबर बघून आली, रडून रडून डोळे सुजलेले, दोन दिवस धड बोलली नाही. नंतर टीव्हीवर लागला की परत बघायची. एकदा मी लास्ट टेम्प्टेशन बघत होतो, ती मागे येऊन उभी राहिली, सुरुवातीचा भाग चालू होता, विलेम डॅफो जमिनीवर तडफडतोय, डोक्यात आवाज येतायत. “हा कोण?” म्हणाली. मी म्हटलं येशू. “हा? हा तर घाबरलाय.” मी म्हटलं, आई, गेथशेमानेत पण घाबरला होता ना तो. ती म्हणाली, “तिथे तो आपल्यासाठी घाबरला होता.” आणि गेली आत. बंद कर वगैरे काही म्हणाली नाही.

त्या एका वाक्यावर मी पुष्कळ डोकं खाजवलंय. आपल्यासाठी. म्हणजे त्याचं दुःख आपल्या कामाचं आहे, त्यातून आपलं तारण होतं. पण त्याचा मोह, त्याची स्वतःची इच्छा, ती आपल्या कामाची नाही, ती फक्त त्याची आहे, आणि ज्याला स्वतःचं असं काही हवंय तो आपला पूर्ण उरत नाही. कॅल्सेडॉनच्या बिशपांना हे आवडलं नसतं, पण रोज सकाळी त्याच्याशी बोलणाऱ्या बाईला तुम्ही बिशपांची व्याख्या सांगून काय करणार. तिच्यासाठी तो इतिहासातला माणूस नाहीये, घरातला आहे. घरातल्या माणसाचा पलंगावरचा सीन कुणी काल्पनिक म्हणून काढला तरी कोण बघेल. हे मी निषेध करणाऱ्यांच्या बाजूने सांगतोय, त्यांचं दुखणं खोटं नव्हतं.

आणि एक, युनिव्हर्सलवाले पण काही धुतल्या तांदळाचे नव्हते. त्यांनी आधी एका इव्हँजेलिकल मार्केटिंगवाल्याला कामावर घेतलं, ख्रिस्ती नेत्यांना सिनेमा लवकर दाखवू असं सांगितलं, मग ते लांबतच गेलं आणि तो माणूस राजीनामा देऊन मोकळा झाला. तोवर पटकथेचा एक जुना खर्डा चर्चेसमधे फिरत होता. शेवटी जुलैमधे स्क्रीनिंग ठेवलं तर बहुतेक इव्हँजेलिकल नेते गेलेच नाहीत. जे गेले त्यात न्यूयॉर्कचे एपिस्कोपल बिशप पॉल मूर होते, त्यांना सिनेमा आवडला, त्यांनी तसं उघड सांगितलं. पण त्यांचं कोण ऐकतो.

वाईट वाटतं ते एका गोष्टीचं. युनिव्हर्सलच्या मूळ कंपनीचे प्रमुख ल्यू वासरमन ज्यू होते. त्यांच्या घरासमोर काही लोकांनी निषेध म्हणून नाटक केलं, ज्यू निर्माता येशूला छळतोय असं. दिग्दर्शक कॅथलिक, लेखक कॅल्व्हिनिस्ट, कादंबरीकार ग्रीक ऑर्थोडॉक्स, सगळी मंडळी बाप्तिस्मा झालेली, आणि राग जाऊन बसला कुणावर. नंतर पॅशनच्या वेळी ज्यू संघटनांनी काळजी व्यक्त केली तेव्हा आमच्यातले बरेच जण म्हणाले की हे उगाच काहीतरी. उगाच कसं? मत्तयच्या शुभवर्तमानात येशूला मारा म्हणणाऱ्या जमावाच्या तोंडचं ते वाक्य, याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो, त्या एका वाक्याच्या जोरावर शतकानुशतकं काय काय झालं ते सगळ्यांना माहितीये. ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष ज्यू लोकांवर टाकता येणार नाही हे कॅथलिक चर्चने अधिकृतपणे म्हणायला १९६५ उजाडलं. गिब्सनने ते वाक्य सिनेमात ठेवलं, फक्त खालचं सबटायटल काढून टाकलं. मला ही तडजोड भारी मजेशीर वाटते, म्हणजे बोलायचं, पण कळू द्यायचं नाही.

हसण्याचं प्रकरण तर अजून वेगळं. १९७९ चा माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी टोळीचा ‘लाइफ ऑफ ब्रायन’. येशूच्या शेजारच्या गोठ्यात त्याच वेळी जन्मलेला ब्रायन, त्याला लोक चुकून मसीहा समजतात, तो जीव तोडून सांगतो की मी नाहीये, लोक ऐकत नाहीत. खुद्द येशू सिनेमात अगदी थोडा वेळ दिसतो, डोंगरावरचं प्रवचन देताना, आणि ते सरळ, आदराने घेतलंय. विनोद पुढे आहे, मागच्या रांगेतल्यांना नीट ऐकू येत नाही आणि ते भलतंच काहीतरी ऐकतात. माझ्या मते चर्चच्या इतिहासावरची याच्याइतकी अचूक टीका कुणी केली नाही, एका मिनिटात. पण नॉर्वेत बंदी, आयर्लंडमधे १९८७ पर्यंत बंदी, ब्रिटनमधल्या कितीतरी नगरपालिकांनी बंदी घातली, त्यातल्या काहींच्या हद्दीत तर थिएटरच नव्हतं. स्वीडनवाल्यांनी जाहिरात केली की इतका विनोदी सिनेमा की नॉर्वेने बंदी घातली. आणि मूळ निर्मात्या कंपनीने शेवटच्या क्षणी पाय मागे घेतला तेव्हा पैसे घातले बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने.

बीबीसीवर तेव्हा एक चर्चा झाली होती, एकीकडे जॉन क्लीझ आणि मायकेल पेलिन, दुसरीकडे पत्रकार माल्कम मगरिज आणि साउथवर्कचे बिशप मर्विन स्टॉकवुड. ती रेकॉर्डिंग मिळते, बघाच. दोघे विनोदवीर तयारी करून आलेत, मुद्द्याला धरून बोलतायत, आणि बिशपसाहेब जांभळ्या झग्यात, छातीवरचा क्रूस हाताळत, शेवटी म्हणतात तुम्हाला तुमची तीस चांदीची नाणी मिळतीलच. म्हणजे तीस नाण्यांसाठी येशूला पकडून देणारा यहूदाच केला दोघांचा. नंतर कळलं की मगरिज आणि बिशप या दोघांची सिनेमाची सुरुवातीची काही मिनिटं चुकली होती, म्हणजे ब्रायन वेगळा आणि येशू वेगळा हे जिथे दाखवलंय नेमकी तीच. पेलिन एरवी किती मऊ माणूस, तो त्या दिवशी जाम भडकला होता.

येशू रडला असं शुभवर्तमानात आहे, हसला असं कुठेही नाही, हे बरोबर. पण त्याच्या विरोधकांनी त्याला खादाड आणि दारूबाज म्हटलं होतं हेही मत्तयमधेच आहे, अकराव्या अध्यायात. जो माणूस लोकांच्या पंगतीला इतका बसायचा की अशी नावं पडली, तो जेवताना तोंड पाडून बसत असेल का. पॅशनमधेच एक छोटा फ्लॅशबॅक आहे, येशू सुतारकाम करतोय, उंच टेबल बनवलंय, त्याची आई मरिया म्हणते हे कोण वापरणार, तो गंमत करतो, हात धुताना तिच्या अंगावर पाणी उडवतो. माझ्या आईला विचारलं की त्या पिक्चरमधला आवडता सीन कुठला, तर हा. फटके नाहीत, क्रूस नाही, हा. म्हणजे माझ्याच थिअरीला भोक पडतं इथे, पडू दे.

त्यातून जरा पुढे गेलं की दिसतं की प्रकरण एकट्या येशूपुरतं नाहीये. इटालियन दिग्दर्शक रोसेलिनीच्या ‘द मिरॅकल’ मधे आना मान्यानी एक भोळसट मेंढपाळ बाई, तिला वाटेत भेटलेला एक अनोळखी माणूस संत योसेफ वाटतो (ते काम पुढे दिग्दर्शक म्हणून गाजलेल्या तरुण फेलिनीने केलंय), तिला दिवस जातात, तिला वाटतं हे देवाचं, गावकरी तिची टर उडवतात. १९५० मधे न्यूयॉर्कला लागला तेव्हा कार्डिनल स्पेलमनने निषेध केला, थिएटरसमोर पिकेटिंग झालं, परवाना रद्द झाला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९५२ मधे कोर्टाने म्हटलं की सिनेमालाही अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे आणि पावित्र्यभंग हे सेन्सॉरचं कारण होऊ शकत नाही. म्हणजे अमेरिकेत सिनेमाला हे घटनात्मक संरक्षण मिळालं ते एका कार्डिनलच्या कृपेने, असं म्हणायला हरकत नाही. १९८५ मधे दिग्दर्शक गोदारने ‘हेल मेरी’ काढला, मरिया बास्केटबॉल खेळणारी, बाप पेट्रोल पंपवाला, योसेफ टॅक्सी चालवतो. गंमत म्हणजे त्यात मरियेचं कुमारीपण जसंच्या तसं ठेवलंय, सिद्धांताला धक्काच नाही. पण तिचं उघडं शरीर दिसतं, आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी स्वतः निषेध केला.

आणि इटालियन दिग्दर्शक पासोलिनी. त्याचं मला सगळ्यात जास्त आकर्षण. १९६३ ची त्याची ‘ला रिकोत्ता’ ही छोटी फिल्म, एका सिनेमाचं शूटिंग चाललंय, ख्रिस्ताच्या मरणाचा देखावा, आणि त्यात चांगल्या चोराचं (येशूच्या शेजारी क्रूसावर दिलेल्या, पश्चात्ताप झालेल्या चोराचं) काम करणारा एक गरीब एक्स्ट्रा आहे. दिवसभर उपाशी. शेवटी कसंबसं चीज मिळतं, ते तो इतकं खातो, इतकं खातो की क्रूसावर चढवल्यावर तिथेच मरतो. खोटं नाही, खरोखर. इटलीच्या कोर्टाने पासोलिनीला राज्याच्या धर्माचा अपमान केला म्हणून चार महिन्यांची शिक्षा सुनावली. क्रूसावर एक भुकेलेला माणूस असा मेला यात अपमान कुणाचा झाला हे मला आजवर कळलेलं नाही. आणि पुढच्याच वर्षी, १९६४ मधे याच माणसाने, मार्क्सवादी, नास्तिक, समलिंगी, ‘मत्तयचं शुभवर्तमान’ हा सिनेमा काढून पोप जॉन तेविसावे यांच्या स्मृतीला अर्पण केला. संवाद सगळे मत्तयमधलेच, पदरचा एक शब्द नाही. येशूचं काम एका स्पॅनिश विद्यार्थ्याने केलं, म्हातारी मरिया म्हणजे पासोलिनीची स्वतःची आई. व्हेनिसला त्याला कॅथलिक फिल्म संघटनेचं पारितोषिक मिळालं, १९९५ मधे व्हॅटिकनने सिनेमाच्या शंभरीनिमित्त चांगल्या सिनेमांची यादी केली त्यात तो धर्माच्या विभागात आहे. हा येशू सतत चालत असतो, रागावलेला असतो, जोरात बोलतो. राग चालला बरं का. जखमांसारखाच राग पण चालतो असं दिसतंय.

पॅरिसमधे मात्र जे झालं त्याला मी कुठल्याच बाजूने समजून घेऊ शकत नाही. १९८८ च्या ऑक्टोबरमधे लास्ट टेम्प्टेशन दाखवणाऱ्या सेंट मिशेल थिएटरला कट्टर कॅथलिक टोळक्याने आग लावली. १३ जण जखमी, चौघे गंभीर भाजलेले. पॅरिसच्या कार्डिनल ल्युस्तिजे यांनी त्याआधी सिनेमा न बघताच त्याचा निषेध केला होता, आणि आगीनंतर त्यांनाच म्हणावं लागलं की ख्रिस्ताचं रक्षण शस्त्राने करत नसतात, खुद्द ख्रिस्तानेच ते नाकारलं होतं. बरोबरच आहे, येशूला पकडायला आले तेव्हा बागेत पेत्र या शिष्याने तलवार काढून एकाचा कान कापला, तेव्हा येशूने तो कान बरा केला. पण आगीच्या आधी बोलताना हे आठवलं असतं तर बरं झालं असतं की.

चिलीमधे तर कहर झाला. तिथे सिनेमावर १९८८ पासून बंदी होती, पुढे सेन्सॉरने परवानगी दिली तर काही वकील कोर्टात गेले, कुणाच्या वतीने, तर येशू ख्रिस्त, कॅथलिक चर्च आणि स्वतः वकील. वकीलपत्रावर येशूची सही कुणी घेतली देव जाणे. चिलीच्या सुप्रीम कोर्टाने १९९७ मधे बंदी कायम ठेवली, मग काही नागरिक इंटर-अमेरिकन मानवाधिकार न्यायालयात गेले आणि २००१ मधे जिंकले, त्या निकालामुळे चिलीने राज्यघटनेतली सेन्सॉरशिपच काढून टाकली.

येशूचं मग्दालियेशी लग्न झालं होतं असं सांगणाऱ्या दा विंची कोडबद्दल मी फार लिहीत नाही, त्यावर २००६ मधे इतका गदारोळ झाला, भारतात काही राज्यांनी बंदी घातली, सेन्सॉर बोर्डाने काल्पनिक असल्याची पाटी लावायला लावली, पण सिनेमा म्हणून तो इतका सुमार आहे की बंदीने त्याला उगाच इज्जत मिळाली. एकच गोष्ट लक्षात राहिली, ओपस देई, ज्या कॅथलिक संघटनेला त्यात खलनायक केलंय, त्यांनी ओरडा करण्यापेक्षा लोकांना बोलावलं, या, विचारा, आम्ही कोण आहोत ते बघा. शहाणी माणसं.

आता हवा बदललीये का? थोडी बदललीये. ‘द चोझन’ ही मालिका, २०१९ पासून चालू, बनवणारा डॅलस जेंकिन्स स्वतः इव्हँजेलिकल, पैसे हजारो साध्या श्रद्धाळू लोकांनी वर्गणी काढून दिलेले, पहिल्या सीझनलाच १ कोटी डॉलर. त्यातला येशू जोक मारतो, लग्नात नाचतो, डोंगरावरच्या प्रवचनाची आधी तयारी करतो. काही जण म्हणाले देवाला प्रॅक्टिस कशाला लागते, पण बाकीच्यांना तो प्रचंड आवडतो. आईलाही. म्हणजे हसणं आलं आत. स्कॉर्सेसीने २०१६ मधे ‘सायलेन्स’ काढला, जपानमधला जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघातला) फादर छळापुढे हार मानून ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवतो, म्हणजे उघड धर्मत्याग, आणि तो सिनेमा त्याने रोममधे शेकडो जेझुइटांना बसवून दाखवला, पोप फ्रान्सिसना भेटला. एकही बोर्ड नाही, एकही पिकेट नाही. पण त्यातही सगळं छळ आणि दुःखच आहे ना. इच्छेला अजून कुणी दार उघडलेलं नाही, जेंकिन्सचा येशू नाचतो, पण कुणाकडे बघून नाचत नाही.

गिब्सन आता पुनरुत्थानावर पुढचा सिनेमा करतोय. लूकच्या शेवटच्या अध्यायात एक प्रसंग आहे, उठलेला येशू शिष्यांसमोर येतो, ते भूत समजून घाबरतात, तो हातपाय दाखवतो, तरी त्यांना खरं वाटत नाही, तेव्हा तो विचारतो की तुमच्याकडे काही खायला आहे का. ते भाजलेल्या माशाचा तुकडा देतात आणि तो त्यांच्यासमोर खातो. जखमा दाखवून जे पटलं नाही ते पटवायला खाऊन दाखवतो. गिब्सन हा सीन घेतो का, आणि घेतलाच तर फटक्यांना जेवढी मिनिटं दिली त्याच्या मानाने माशाला किती देतो, हे बघायला मी पहिल्या दिवशी जाणार आहे, आईलाही नेणार आहे.